तांबट आळी, कसबा पेठ: नवं घ्यायला जाल तेव्हा घरातलं जुनंही सोबत न्या

माळ्यावर काळं पडलेलं, बुडाशी गळणारं किंवा पोचे आलेलं तांब्याचं भांडं तुमच्या घरात असेल, तर ते मोडीत देण्याआधी एकदा पुण्याच्या तांबट आळीत, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांच्या गल्लीत, दाखवून आणा. शिफारस आधीच सांगून टाकते, कारण बरेच जण आळीत जातात ते पाण्याची बाटली घ्यायला. बाटली कुठेही मिळते. जुन्या भांड्याचा सांधा उघडून, नीट झाळून (धातूचा पक्का जोड देऊन), वर मठार करून (हातोड्याच्या ठोक्यांनी घट्ट करून) देणारा माणूस कुठेही मिळत नाही.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते आणि तांब्याची घरगुती भांडी जमवते. हंडे, कळश्या, घंगाळं, तपेली, पंचपात्र्या, पाणी तापवायचा एक बंब. शोभेच्या वस्तू मला नकोत; जे एकेकाळी रोज वापरात होतं तेच घेते, आणि शक्य तिथे परत वापरात आणते. त्यामुळे दुरुस्ती हा माझ्या छंदाचा अर्धा भाग आहे. ती ज्या कारखान्यात करून घेते, त्याबद्दल आणि एकूण आळीबद्दल हे लिहिते आहे.

आळी कसबा पेठेत आहे. 2024च्या सप्टेंबरात मेट्रोचं कसबा पेठ स्थानक सुरू झाल्यापासून मी गाडी नेतच नाही. स्थानकातून चालत जाता येतं, आणि आळीत गाडी लावायला जागा मिळणं कठीणच. अवजड हंडा असेल तर रिक्षा थेट आत न्या. पत्ता विचारायची वेळ सहसा येत नाही, ठोक्यांचा आवाज आधी येतो. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेली तांबट कुटुंबं इथे वसली, आणि त्यांच्यातली काही घरं आजही हेच काम करतात. मागे भट्टी, पुढे ऐरण, माडीवर घर, अशी जुनी मांडणी आता थोड्याच ठिकाणी उरली आहे. मी जाते तो कारखाना त्यातलाच. दोन खणांची जागा, एका बाजूला पत्र्याच्या गुंडाळ्या, भिंतीला हातोड्यांची रांग. थोरले काका आणि त्यांचा मुलगा काम करतात. काका मला ‘मॅडम’ म्हणतात, मुलगा ‘ताई’.

यावेळी नेलं होतं माझ्या मावशीचं आंघोळीच्या पाण्याचं घंगाळ. वाईच्या घरातलं, दोन पितळी कड्यांचं, वीसेक लिटरचं. बुडाकडून पाणी झिरपायचं. कोणीतरी पूर्वी त्यावर डाख (शिशाचा कच्चा जोड) लावून वेळ भागवली होती, तो करडा लपका बाहेरून स्पष्ट दिसत होता. भंगारवाल्याने वजन करून मोडीचा भाव सांगितला होता आणि मावशी देऊनही टाकणार होती.

काकांनी घंगाळ उलटं केलं, बोटाच्या पेराने बुडापासून काठापर्यंत वाजवत गेले, मग ते डोक्याच्या वर उजेडाकडे धरून आत पाहिलं. दोन ठिकाणी सुईच्या टोकाएवढा प्रकाश दिसत होता, तो मलाही दाखवला. “पत्रा अजून चाळीस वर्षं जाईल मॅडम, सांधा गेलाय,” एवढंच म्हणाले.

हा सांधा बघण्यासारखा असतो. जुन्या भांड्यात बूड आणि अंग वेगळ्या पत्र्याचं असलं की दोन्ही कडांना दाते कापून ते एकमेकांत बसवलेले असतात, आणि मग वरून झाळलेलं असतं. भांडं चिंचेने स्वच्छ घासलं की लाल तांब्यात पिवळसर नागमोडी रेघ उमटते. ती झाळणीतल्या जस्त मिसळलेल्या धातूची. जमवणाऱ्यांनी ही रेघ शोधायला शिकावं. ती दिसली की भांडं हाताने घडवलेलं आहे असं समजायला हरकत नाही. मशीनवर एकाच चकतीतून ओढून काढलेल्या भांड्याला ती नसते.

डाख का टिकत नाही, हे मी वर्गात सांगते तसं इथे सांगते. डाख म्हणजे कथील आणि शिसं यांचं मिश्रण. नेहमीच्या प्रमाणात ते 183 अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळायला लागतं. भांडं चुलीवर ठेवलं, पाणी आटलं, की सांधा सुटला. शिवाय पिण्याच्या किंवा स्वयंपाकाच्या भांड्यात शिसं मुळीच नको. झाळणं ही वेगळी गोष्ट. तांबं 1085 अंशांना वितळतं. त्याच्या थोडं खाली वितळणारी तांबं-जस्ताची झाळणी टाकणखार (बोरॅक्स) लावून सांध्यात सोडतात. टाकणखार तापला की काचेसारखा पातळ होऊन पसरतो, वरचा ऑक्साइड विरघळवतो आणि हवा अडवतो, म्हणून झाळणी दात्यांच्या फटीत खेचली जाते. कारागिराचं कसब असं की भांड्याचा पत्रा न वितळता फक्त झाळणी वितळली पाहिजे, आणि मधलं अंतर फार नसतं. थर्मामीटर कुणी लावत नाही. रंग बघतात. म्हणूनच भट्टीकडची बाजू मुद्दाम अंधारी ठेवलेली असते.

माझ्या घंगाळाचा जुना डाख पूर्ण खरवडून काढला, सांधा उघडला, दोन दाते तुटले होते तिथे नवे तुकडे बसवले आणि सगळं फिरवून झाळलं. मग पोचे काढण्यासाठी भांडं तापवून मऊ केलं. तांब्याची एक खासियत इथे दिसते. पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवलं की कडक होतं. तांबं तसंच बुडवलं तरी मऊच राहतं. ठोकलं की कडक, तापवलं की मऊ, हे कितीही वेळा करता येतं. जुनं भांडं पुन्हा घडवता येतं ते याच गुणामुळे, आणि आळीतला सगळा धंदा या एका गुणावर उभा आहे असं मला वाटतं.

आता मठारकाम. तांबट आळीची ओळख हीच. वरून दिसणारे ते सारखे, चकचकीत, उथळ खळगे अनेकांना नक्षी वाटतात. ते मुळात मजबुतीसाठी असतात. मऊ पत्र्याचं भांडं हाताने दाबलं तरी चेपतं. ओळीने ठोके देत गेलं की धातूची आतली रचना घट्ट होते आणि पातळ पत्राही ताठ राहतो. चकाकी येते ती हातोड्याचं तोंड आणि खालचा लोखंडी आधार दोन्ही आरशासारखे घासलेले असतात म्हणून. हातोड्याच्या तोंडावर एक ओरखडा असला तरी तो प्रत्येक ठोक्यासोबत भांड्यावर उमटतो, त्यामुळे काका काम सुरू करण्याआधी हातोडा बारीक पॉलिश कागदावर घासून, अंगठ्याने चाचपून घेतात.

काकांनी मला एकदा छोट्या वाटीवर हात चालवू दिला. मागितल्यावर शिकवतात, फक्त दुपारी गर्दी कमी असताना विचारा. उजव्या हाताला फारसं काम नाही हे तिथे बसल्यावर कळलं. हातोडा आपल्याच वजनाने पडतो, मनगट फक्त उचलतं. सगळं कौशल्य डाव्या हातात: वाटी आधारावर टेकवून प्रत्येक ठोक्यामागे खळग्याच्या अर्ध्या रुंदीइतकीच सरकवायची. जास्त सरकली तर मध्ये कोरी जागा राहते, कमी सरकली तर एकावर एक ठोका पडून पत्रा पातळ होतो. आणि ठोका नेमका तिथेच पडला पाहिजे जिथे वाटीची आतली बाजू आधाराला टेकलेली आहे. टेकलेली असेल तर आवाज खणखणीत येतो, पोकळी असेल तर बद्द. काका माझ्याकडे पाठ करून दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होते आणि तिथूनच “डावीकडे घ्या” म्हणत होते. माझी वाटी आता घरी देवापुढे अक्षतांना असते. खळगे सारखे नाहीत, पण ती माझ्या हातची आहे.

घंगाळ परत आणायला गेले तेव्हा बूड आणि खालचा अर्धा भाग नव्याने मठारलेला होता, वरचा भाग जसाच्या तसा. हे मी सांगून करून घेतलं होतं. काठाखाली मावशीच्या सासूबाईंचं नाव आणि गाव ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं आहे. आपल्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालायची पद्धत होती, आणि जमवणाऱ्याला त्या नावाइतकी मोलाची दुसरी खूण नाही. न सांगता भांडं दिलंत तर कारागीर ते चांगल्या मनाने पूर्ण मठारून, बफ लावून नव्यासारखं करून देतात, आणि नाव पुसट होतं. त्यांचा दोष नाही, बहुतेक गिऱ्हाइकांना चकचकीतच हवं असतं. म्हणून देतानाच खडूने खूण करा: इथपर्यंत हात लावा, इथून वर नको. बफिंग नको, फक्त चिंच-मिठाने धुऊन द्या, असंही सांगा. घंगाळात पाणी भरून रात्रभर अंगणात ठेवलं. सकाळी खाली फरशी कोरडी होती. मावशी आता ते द्यायला तयार नाही, त्यामुळे माझ्या संग्रहात एक घंगाळ कमी आणि तिच्या न्हाणीघरात एक जास्त, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे.

नवी भांडी घ्यायची असतील तर काय बघावं, हे वेगळं सांगते. आळीत आज दोन प्रकारचा माल असतो. एक, मशीनवर घडवून फक्त वरून हाताने मठारलेला. दुसरा, बराचसा हाताने घडवलेला, जो बहुतेक वेळा सांगून करून घ्यावा लागतो. पहिला वाईट नाही, पण तो दुसऱ्याच्या भावात घेऊ नका. सरळ विचारा, माझ्या कारखान्यात तरी खरं सांगतात. भाव किलोवर, मजुरी वेगळी. तांब्याचा बाजारभाव सतत हलतो, म्हणून गेल्या दिवाळीचा आकडा धरून घासाघीस करण्यात अर्थ नाही. मजुरीवर तर मी कधीच घासाघीस करत नाही.

जाडी तपासायची सोपी युक्ती वजनाची आहे. तांब्याचा एक मिलिमीटर जाडीचा, एक चौरस मीटर पत्रा साधारण 9 किलो भरतो. आठ लिटरची कळशी जवळजवळ गोल धरली तर तिचा पृष्ठभाग सुमारे 0.2 चौरस मीटर होतो. म्हणजे एक मिलिमीटरचा पत्रा असेल तर कळशी पावणेदोन किलोच्या पुढे भरायला हवी. काट्यावर किलोच्या आत आली तर पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा आहे, पाणी भरून उचलताना काठ वाकेल. खिशात छोटं लोहचुंबकही ठेवा. तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आणि वर मुलामा. आळीत मला असा माल दिसला नाही. पण ऑनलाइन मागवलेल्या एका बाटलीच्या बुडाला चुंबक टक्कन बसलं होतं, आणि विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला होता.

बाटल्यांवरून आठवलं. बाहेरून कायम चमकणारी बाटली म्हणजे तिच्यावर लाखेचा किंवा प्लॅस्टिकचा पारदर्शक थर आहे. बाहेर असेल तर असू दे. आतून असेल तर ते तांब्याचं भांडं म्हणून घेण्यात काहीच हशील नाही, पाणी तांब्याला लागतच नाही. 2012 साली बंगळूरच्या संशोधकांनी जुलाबाचे जंतू मिसळलेलं पाणी तांब्याच्या भांड्यात 16 तास ठेवून पाहिलं होतं. जंतू वाढवून पाहता उगवले नाहीत, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला 2 मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा कितीतरी कमी होतं. रात्री भरून सकाळी प्यायच्या आपल्या सवयीशी हे जुळतं. मात्र हे साध्या पाण्याचं झालं. ताक, सरबत, लिंबूपाणी, चिंचेचं सार कल्हई नसलेल्या तांब्यात ठेवू नका. आंबटात तांबं भराभर उतरतं, त्याने मळमळ आणि उलट्या होतात. उघड्या भांड्यावर हिरवा कळंक आला असेल तर चिंच-मिठाने घासून निघेपर्यंत ते वापरायचं नाही.

स्वयंपाकासाठी तपेलं घेणार असाल तर कल्हई करून घ्याच. आळीच्या आसपास ती करून मिळते, आणि समोर उभं राहून पाहता आली तर नक्की पाहा. तापलेल्या भांड्यात नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, त्यात तांब्यावरचा काळा थर निघून जातो, लगेच कथलाची कांडी टेकवतात आणि कापसाच्या बोळ्याने दोन फटक्यांत सगळीकडे फिरवतात. लाल भांडं आतून चांदीसारखं होतं. बघायचं ते कथील. स्वस्त कांडीत शिसं मिसळलेलं असू शकतं. शुद्ध कथलाची कांडी कानाशी धरून वाकवली की आतून करकर आवाज येतो, आतल्या स्फटिकांची मांडणी एकाएकी बदलते त्याचा. शिशाची भेसळ असेल तर तो दबतो. मी कल्हईवाल्याला कांडी वाकवून दाखवायला सांगते. चांगला कारागीर आनंदाने दाखवतो. कथील 232 अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवायचं नाही आणि त्यात कोरडं भाजायचं नाही. आमटी, भात, खीर, हे सगळं सुरेख होतं. तांबं स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसेक पट उष्णता वाहतं, त्यामुळे खीर एका जागी लागत नाही, बुडाला सगळीकडे सारखी आच मिळते.

आता तक्रारी. दिलेली तारीख पाळली जात नाही. घंगाळाचंही तसंच झालं. वाट पाहावी लागली, आणि फोन केल्यावर “झालंच आहे” असं सांगून प्रत्यक्षात भांडं भट्टीपर्यंतही गेलेलं नव्हतं. लांबून येणाऱ्याला याचा फार त्रास होतो. नाशिक-कोल्हापूरहून येणार असाल तर निघण्याआधी तयार भांड्याचा फोटो मागवा. दुसरं, दुरुस्तीची पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. त्यावर भांड्याचं वजन लिहून घ्या, देतानाचं आणि घेतानाचं. कुणी धातू काढून घेईल म्हणून नव्हे. जुनी भांडी एकसारखी दिसतात, आणि लग्नसराईत एकाची कळशी दुसऱ्याकडे जाण्याचा प्रकार माझ्या डोळ्यांदेखत झाला आहे. तिसरं, नव्या नमुन्यांत लॅम्पशेड, फुलदाण्या, भिंतीवरच्या चकत्या पुष्कळ वाढल्या आहेत. त्या खपतात आणि त्यावर घरं चालतात, हे मला कळतं, आणि मुलाने केलेले काही दिवे फारच देखणे आहेत. पण दुकानाच्या दर्शनी भागात आता बंब दिसत नाही याचं मला वाईट वाटतं. मागच्या खोलीत एक असतो. मधली जळणाची नळी, भोवती पाणी, खाली राखेची जाळी आणि पितळी तोटी. करवंट्या आणि ढलप्यांवर आंघोळीचं पाणी चांगलं कढतं. गावाकडे घर असलेल्यांनी तो मागावा. मागणी आली तरच नळीचा सांधा झाळणारा हात पुढच्या पिढीत तयार होईल. मुलगा अजून बंब एकट्याने करत नाही, काका शेजारी लागतात.

जमवायला नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी एक क्रम सुचवते. आधी पुण्यातल्याच राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन जुनी भांडी शांतपणे पाहा, कडा कशा वळवल्या आहेत, कड्या कशा बसवल्या आहेत ते बघा. मग रविवारी किंवा बुधवारी पुण्याच्या ‘जुन्या बाजारात’, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजारात, फिरा. तिथे तांबं बहुतेक मोडीच्या भावाच्या थोडं वर मिळतं, आणि गळकं असेल तर आणखी कमी. दातेरी सांधा, घातलेलं नाव, हाताला लागणारी जाडी, या तीन गोष्टी असतील तर गळतीकडे बघून मागे हटू नका. जिथे पत्राच खाऊन चाळण झाला आहे ते मात्र सोडून द्या. त्यावर काकाही ठिगळ लावत नाहीत, उलट “हे वितळायलाच द्या” असं स्पष्ट सांगतात. घेतलेलं भांडं घरी नेऊन घासत बसू नका, आहे तसंच आळीत न्या. काळ्या थराखाली कुठे डाख आहे, कुठे पूर्वीची झाळ आहे, हे कारागिराला त्या थरावरूनच कळतं.

नवरात्र ते दिवाळी आणि मे महिन्यातली लग्नं सोडून जा. पावसाळ्यात, आषाढाच्या सुमारास, भट्टी निवांत असते. काकांना बोलायला वेळ असतो आणि दुरुस्तीची कामं पुढे सरकतात. माझा बंब मी यंदा तेव्हाच देणार आहे. तोटीजवळ थेंब धरायला लागलाय.